शंभरात किती फेकता?

ता. ४ मार्च

भुंग्या,

आशीर्वाद. रागातले आहेत, पण आहेत.

तुझं पत्र परवा पोचलं. पाकीट एकदा फोडून पुन्हा चिकटवलेलं होतं. डिंक अजून ओला होता, बोटाला लागला. म्हणजे माझ्याआधी कुणीतरी वाचलं. तुमच्याकडच्यांनी की आमच्याकडच्यांनी, ते काही डिंकावर लिहिलेलं नसतं.

तू सरहद्द ओलांडून गेलास त्याला बारा वर्षं झाली. त्यातली शेवटची तीन वर्षं एक ओळ नाही. आणि आता आलं ते काय? आई कशी आहे, ही एक ओळ. मग दीड पान मशिनांचं. जुनं ग्राइंडर चालतं का. मशीन ज्या लोखंडी बेडवर सरकतं तो बेड हाताने खरवडून सपाट कोण करतं. आपले जुने मिस्त्री अजून येतात का. शंभर गिअर केले तर त्यातले किती फेकता. अरे, बहिणीला पत्र लिहितोयस की कारखान्याची झडती घेतोयस?

मी चौथी शिकलेली बाई. पण सव्वीस वर्षं तपासणी खात्यात उभी आहे. गिअरचा एखादा दाता खराब असला तर मला न बघता बोटाला कळतो. तुझं पत्र तसंच लागलं. कुठेतरी टोचतंय.

इथलं वातावरण तुला माहीत नसेल तर सांगते. सकाळी रेडिओ लावला की आपल्याकडे किती आणि तुमच्याकडे किती, दुसरं काही नाही. तोफा किती, पोलाद किती, इंजिनं कुणाची दमदार. आपला कारखाना पूर्वी पाण्याच्या पंपांचे गिअर करायचा, आता रणगाड्यांचे करतो. गेटवर दोन पहारेकरी होते ते सहा झाले. डबा उघडून भाजी चमच्याने ढवळून बघतात मेले. अशात पलीकडून भावाचं पत्र, आणि पत्रात मशिनांची चौकशी. सुरक्षा खात्याचे साहेब मला बोलावणार हे ठरलेलं. माझी नोकरी गेली तर आईला कोण बघणार? तुझ्या दाजींची कंबर धरल्यापासून घर माझ्या एकटीवर चाललंय. तुला ठाऊक नाही, कारण तू विचारलं नाहीस.

आई बरी आहे. डोळ्यांना कमी दिसतं. दाराशी खुर्ची टाकून बसते. एका ओळीच्या प्रश्नाला एवढंच उत्तर.

तुझी ताई


ता. २ एप्रिल

ताई,

नमस्कार. शिव्या पोचल्या. बरं वाटलं, हात अजून चालतो तुझा.

झडती वगैरे काही नाही गं. इथेही तेच चाललंय. रविवारच्या पेपरात दोन रकाने असतात, आमचं एका बाजूला, तुमचं दुसऱ्या. आमचा रकाना नेहमी लांब. गेल्या रविवारी चित्र होतं, तुमचा रणगाडा चढावर बंद पडलाय आणि पाच शिपाई मागून ढकलतायत. जेवणाच्या सुट्टीत सगळे हसले. मीही हसलो. मग घरी येऊन वाईट वाटलं. त्यातले गिअर तू पास केलेले असणार.

आमची शेड बघशील तर चक्रावशील. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जायला सात मिनिटं लागतात. छतावर फिरणाऱ्या क्रेन आठ. वर काचा इतक्या की दिवसा दिवा लागत नाही.

माझं सोड. तू एवढंच सांग, मिस्त्री येतात का? खिडकीजवळच्या त्यांच्या बाकावर आता कोण बसतं? आणि ते शंभरात किती, तेही. सहज विचारतोय.

दाजींच्या कंबरेचं वाचलं. काय म्हणू? आईला सांग, मी जाड झालोय.

भुंग्या


ता. २७ एप्रिल

भुंग्या,

आशीर्वाद. विचारतोच आहेस तर ऐक.

आमच्याकडे तीन नवी ग्राइंडर आली आहेत. बटण दाबलं की झालं. हाताने खरवडायचं काम आता कुणी करत नाही. मिस्त्री घरी आराम करतात. त्यांचा बाक काढून टाकला, तिथे फुलांच्या कुंड्या ठेवल्या आहेत. शंभर गिअर केले की दोन फेकतो. ते दोनही दुसऱ्या कुणी पास केले असते, मी जरा कडक आहे म्हणून. आणि रणगाडे ढकलतात म्हणे! त्या चित्रवाल्याला म्हणावं, ये इकडे आणि चढावर समोर उभा राहा.

सात मिनिटांच्या शेडचं कौतुक मला सांगू नकोस. सात मिनिटं चालण्यात गेली तर माणूस काम कधी करतो?

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. रकान्यांचं ऐकून म्हणाली, “दोघांकडे एवढे रणगाडे आहेत, तर त्यातला एखादा पोराला आणायला पाठवा म्हणावं.” तिला काय कळतंय.

जाड झालोय म्हणतोस तर फोटो पाठव. नाहीतर तेही खोटं धरीन.

तुझी ताई


ता. २० मे

ताई,

नमस्कार. तीन ग्राइंडर आणि शंभरात दोन. अभिनंदन. मनापासून म्हणतोय. आमच्याकडे सात जातात.

म्हणजे हाताच्या कामाला कुणीच लागत नाही? एकही माणूस नाही? नीट आठवून सांग.

इथे माझ्यापुढे एक कागद आलाय. दहा ऑगस्टपर्यंत सही करायची आहे. बघू.

फोटोचा स्टुडिओ लांब पडतो. आईला नमस्कार सांग.

भुंग्या


ता. ८ जून

भुंग्या,

आता मी गोड बोलणार नाही. आधीही बोलत नव्हते, पण आता मुळीच नाही.

आमच्याकडे सात जातात, असं तू सरळ लिहिलंस. कारखान्यातली अशी गोष्ट बाहेरच्याला कोण सांगतं? आपलं थोडं दाखवायचं आणि समोरच्याच्या पोटातलं सगळं काढून घ्यायचं, ही रीत मला माहीत आहे. बाजारात उभी राहते मी रोज. आणि नीट आठवून सांग म्हणजे काय? कोर्टात उभी केलीस का मला? तीन पत्रांत तीन वेळा तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारलास. मिस्त्री, बाक, हाताचं काम.

आणि कागद कसला? कुणी पुढे केला? कशावर सही मागतायत तुझी?

सरळ विचारते. हे सगळं विचारायला तुला कुणी बसवलंय का? तुझ्या शेजारी बसून कुणी ही पत्रं वाचतं का? आईच्या गळ्याची शपथ घेऊन सांग.

तुझे दाजी म्हणतात, “अगं, भाऊ आहे तो तुझा.” मी म्हटलं, “भाऊ बारा वर्षांपूर्वी होता. आता पलीकडचा आहे.” तर म्हणाले, “पलीकडच्या माणसाला बहीण नसते का?” त्या दिवशी भाजी करपली.

एकदा काय ते लिही. नाहीतर लिहू नकोस.

ताई


ता. ३० जून

ताई,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. एक ओळखीचा ट्रकवाला तिकडे माल घेऊन चाललाय, कायमचा गावी राहायला जातोय, त्याच्या हाती देतोय. सावकाश येईल, पण न फोडता येईल. म्हणून पहिल्यांदा खरं लिहितोय.

आईच्या गळ्याची शपथ. मला कुणी बसवलेलं नाही. उलट मलाच उठवलंय.

बेड खरवडणारे आम्ही इथे अकरा जण होतो. तीन वर्षांपूर्वी ते काम करणारी मोठी मशिनं आली. नऊ जण गेले. आम्ही दोघं उरलो ते खोकी बांधायला. त्या सात मिनिटांच्या शेडमध्ये मी खिळे ठोकतो, ताई. मिस्त्रींनी ज्या हातांना केसाइतका उंचवटा ओळखायला शिकवलं, ते हात लाकडाच्या खोक्यांवर पत्ता रंगवतात. म्हणून तीन वर्षं पत्र नाही. काय लिहिणार? जाताना चारचौघांत छाती फुगवून म्हणालो होतो की इथे नुसते हातोडे आहेत, खरी कारागिरी पलीकडे आहे. बाबांचं तोंड आठवतंय अजून.

मला परत यायचं होतं. पण तसं टपालात लिहिलं की इथे माणसाचा सरहद्दीचा परवाना काढून घेतात. म्हणून आडून आडून विचारत होतो, तिकडे माझ्या हातांना काम आहे का? शंभरात किती फेकता हे त्यासाठीच. जास्त फेकत असाल तर मशीनचे बेड झिजलेत. बेड झिजले असतील तर खरवडणारा लागणार.

तुम्ही दोन फेकता. खिडकीत कुंड्या आहेत. मग येऊन काय करू? पंचेचाळीस वर्षांचा माणूस बहिणीच्या घरी बसून खाणार? दाजी अंथरुणावर, आई दाराशी, त्यात मी तिसरा?

कागद असा आहे की सही केली तर खोक्यांची नोकरी कायम, पण दहा वर्षं हा देश सोडता येणार नाही. नाही केली तर दहा ऑगस्टला बाहेर. मी सही करणार आहे. दहा वर्षांनी आई असेल की नसेल हे मला कळतं, तेवढं तू लिहून सांगू नकोस.

जाड झालेलो नाही.

भुंग्या


ता. २० जुलै

भुंग्या,

ट्रकवाला काल आला. तुझं पत्र वाचलं आणि तशीच दारात बसले. आई म्हणाली, “कोण गेलं?” मी म्हटलं, “कोणी नाही, मीच गाढव झालेय.”

ट्रकवाला आता परत जाणार नाही. म्हणून हे टपालाने पाठवावं लागतंय आणि वाचलं जाणार. वाचू देत. पाकीट मी चिकटवणारच नाहीये, साहेबांच्या टेबलावर उघडं ठेवणार आहे.

मी तुला खोटं लिहिलं. आता खरं लिहिते.

मिस्त्री जानेवारीत गेले. काम करता करता बाकावर डोकं टेकलं, ते टेकलंच. त्यांचा बाक तिथेच आहे, खिडकीजवळ. त्यांची अवजारं तेलाच्या फडक्यात गुंडाळून खणात ठेवलीत, कुणाला वापरता येत नाहीत. कुंड्या नाहीत. कुंड्या माझ्या डोक्यातल्या.

तीन ग्राइंडर आली हे खरं. बटण दाबलं की झालं हेही खरं, काय होतं ते मात्र विचारू नकोस. ज्या जमिनीवर ठेवली ती खचली. त्यातल्या दोन मशिनांचे बेड वाकडे झाले. मिस्त्री होते तोवर ते महिन्यातून एकदा खरवडून सरळ करायचे आणि कुणाला पत्ता लागायचा नाही. ते गेले आणि सगळं उघडं पडलं. शंभर गिअर केले की एकतीस मी फेकते. परवा अडतीस. उरलेले बसवले तरी गिअरपेटी चालू केली की अशी रडते की चाचणीची पोरं कानात कापूस घालून बसतात. चढावर ढकलतात ते चित्र खरं आहे. फक्त पाच शिपाई पुरत नाहीत.

आमचे मुख्य फिटर रोज मिस्त्रींच्या बाकासमोर उभे राहून म्हणतात, “बेड खरवडणारा एक माणूस मिळाला तर त्याला गेटापासून खांद्यावर घेऊन येईन.” काल मी त्यांना विचारलं, “माझा भाऊ चालेल का? मिस्त्रींच्याच हाताखाली शिकलाय. पलीकडे असतो.” ते म्हणाले, “बाई, तो चंद्रावर असेल तरी चालेल. पण तुमच्या साहेबांना कोण सांगणार?” मी म्हटलं, “मी सांगते.”

खोटं का लिहिलं तेही ऐक. तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा साहेबांनी मला बोलावलं. ते पत्र त्यांच्या टेबलावर, काही शब्दांखाली तांबड्या पेन्सिलीने रेघा मारलेल्या. म्हणाले, “उत्तर द्या.” मी म्हटलं, “खरं देऊ?” म्हणाले, “असं द्या की तिकडे वाचणाऱ्याला धडकी भरली पाहिजे.” मी म्हटलं, “तिकडे माझा भाऊ वाचणार.” तर म्हणाले, “भावाच्या मागे कोण उभं आहे, माहीत आहे तुम्हाला?”

मला माहीत नव्हतं. पण मला पटलं. त्यांनी एक शब्द लिहून दिला नाही, सगळं मीच रचलं. वर मनात म्हटलं, बघ कसा फसवला. सव्वीस वर्षांत मी खराब माल पुढे जाऊ दिला नाही. तुझ्या बाबतीत अख्खं पत्र पास केलं.

आता साहेबांसाठी. साहेब, हे तुम्ही त्याच्या आधी वाचणार, म्हणून तुम्हालाच सांगते. आपले बेड वाकडे आहेत हे पलीकडच्यांना कळू नये म्हणून तुम्ही धडपडलात. नाही कळलं त्यांना. पण जो एक माणूस येऊन ते सरळ करणार होता, त्यालाही नाही कळलं. तो आला तर तुमचे रणगाडे चढ चढतील. तो देशाच्या कामाचा आहे की देशाला धोका, ते तुम्ही ठरवा, तुम्हाला त्याचाच पगार आहे. मला काढायचं असेल तर लगेच काढा, मला टांगून ठेवलेलं खपत नाही.

भुंग्या, सही करू नकोस. बाक रिकामा आहे. दाजी म्हणतात, “त्याला म्हणावं ये, दोन चपात्यांनी आपण बुडत नाही.” आईला अजून काही सांगितलं नाही, पण तिने खुर्ची दाराच्या आतून बाहेर नेली आहे.

ये.

तुझी ताई


ता. ९ ऑगस्ट

ताई,

नमस्कार.

सरहद्दीवरच्या तुमच्या चौकीत, लाकडी बाकावर बसून लिहितोय. पत्र तुमच्याच पेटीत टाकीन. बहुतेक माझ्यानंतरच पोचेल, पण हात स्वस्थ बसत नाहीत.

तुझं पत्र सहा तारखेला मिळालं. चार पानं. त्यातली साडेतीन काळी. तुमच्या सुरक्षा खात्याच्या साहेबांनी ओळीमागून ओळ झाकली आहे, उजेडात धरूनही काही दिसत नाही. मला वाचता आलं ते एवढंच: “तुला खोटं लिहिलं.” मग “मिस्त्री जानेवारीत गेले.” मग एका जागी “कुंड्या माझ्या डोक्यातल्या.” मग पानभर काळोख. खाली दाजींच्या चपात्या, आईची खुर्ची आणि “ये”.

मिस्त्रींचं वाचून पत्र खाली ठेवलं. खोक्यांच्या ढिगामागे जाऊन बसलो थोडा वेळ.

मग पुन्हा उचललं. तुझं खोटं काय होतं आणि खरं काय आहे, ते पट्ट्यांखाली राहिलं. तू मला माहीत आहेस, आईच्या काळजीपोटी नुसतं ये म्हणत असशील, काम नसेल तरी. दोन दिवस तेच डोक्यात. मग तुझं एप्रिलचं पत्र काढून शेजारी ठेवलं. तीन ग्राइंडर, बटण, शंभरात दोन. त्यात कुणी एक टिंबसुद्धा खोडलेलं नव्हतं. कारखान्याचा आकडा होता, मशिनांची संख्या होती, तरी स्वच्छ आलं. कारण कौतुक होतं. मग या वेळी साडेतीन पानं झाकण्यासारखं काय लिहिलंस तू? चांगलं तर ते झाकत नाहीत. काल दुपारी कागद सही न करता परत दिला. कारकून म्हणाला, “विचार केलात का?” मी म्हटलं, “माझ्यासाठी दुसऱ्या कुणीतरी केलाय. चांगली शाई खर्चून.”

तुझी नोकरी राहिली की गेली, ते मला ठाऊक नाही. गेली असेल तर माझ्यामुळे गेली. मग तू घरी बसून शिव्या दे, मी बाकावर बसतो.

आत्ताच तुमचा चौकीवाला येऊन गेला. बारीक डोळ्यांचा, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणारा. पिशवी उलटी केली, बुटांच्या टाचा ठोकून बघितल्या. मग म्हणाला, “इकडे काम मिळणार याचा पुरावा?”

माझ्याकडे दुसरं काय होतं? तुझं पत्र दिलं. त्याने चारही पानं उलटसुलट केली. म्हणाला, “यात तर काहीच दिसत नाही.”

मी म्हटलं, “साहेब, मी मशीन दुरुस्त करतो. सगळं ठीक चाललं असतं तर हे असं काळं कुणी केलं असतं का?”

त्याने माझ्याकडे बघितलं, पानांकडे बघितलं. मग बोट ठेवून पहिल्या पानापासून पट्ट्या मोजायला लागला. तिसऱ्या पानावर थांबला. खणातून शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली आणि परवान्यावर दाबताना म्हणाला,

“बरीच वर्षं पुरेल एवढं काम आहे तुम्हाला.”

भुंग्या